चार बोटं

बारावीच्या वर्षी मला स्वतःची खोली मिळाली, आणि ही बातमी मी वर्गात इतक्या जणींना सांगितली की शेवटी एक मैत्रीण म्हणाली, "निमे, खोली मिळालीय की राज्य?" जव्हारला आमच्या गल्लीत तेव्हा मुलीला अभ्यासासाठी वेगळी खोली म्हणजे थोडंफार राज्यच होतं. घर काही मोठं नव्हतं. पुढे ओटी, मधे माजघर, एका अंगाला स्वयंपाकघर, आणि मागच्या अंगणात विहिरीपाशी ही खोली. जामसर गावच्या आमच्या शेतातलं भात आणि नागली, म्हणजे नाचणी, तिथे पोत्यांतून भरलेली असायची. बाबा तालुक्याच्या कचेरीत कारकून होते. त्यांनी एका रविवारी पोती ओटीवर हलवली, भिंतींना चुना काढला, एक पाय तोकडा असलेलं टेबल आणून त्या पायाखाली कौलाचा तुकडा सरकवला आणि म्हणाले, "बारावी होईपर्यंत ही तुझी." खिडकीतून पिठाच्या गिरणीच्या पट्ट्याची फटफट ऐकू यायची आणि एसटी स्टँडवरून कंडक्टरची घंटी. सकाळी आईचं जातं. गिरणी हाकेच्या अंतरावर होती, पण नागली आई घरीच दळायची. गिरणीत आधीच्या माणसाच्या गव्हाचा वास लागतो, असं तिचं म्हणणं. त्या घरघरीवर मी इंग्रजीचे धडे घोकत असे.

माझ्या इंग्रजीबद्दल एवढंच सांगते, वासरांत लंगडी गाय शहाणी. वर्गात पहिली यायचे म्हणून बाबांना वाटायचं, मुलगी साहेबाशी सुद्धा बोलेल. त्यामुळे जून लागता लागता एका संध्याकाळी ते कचेरीतून एकटे आले नाहीत. त्यांच्याबरोबर एक उंच, सावळ्याहून पुष्कळ काळी, केसांच्या बारीक बारीक वेण्या घातलेली तरुणी होती. हातात पत्र्याची ट्रंक. बाबा दारातूनच म्हणाले, "निमू, बाहेर ये. साहेबांनी सांगितलंय. हिला जव्हारात खोली बघून द्यायची आहे. तू बोल हिच्याशी." आई पदराला हात पुसत बाहेर आली, तिनं त्या मुलीकडे नीट पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, "किती लांबून आलीस गं पोरी, बस आधी."

अकिन्यी तिचं नाव. तिच्याकडे सकाळी जन्मलेल्या मुलीला हे नाव ठेवतात म्हणे. केनियाहून ती पुण्याकडच्या एका शेतकी कॉलेजात शिकायला आली होती आणि तिचा विषय होता नागली. आम्ही सगळे हसलो. जगात एवढं काय काय असताना इतक्या लांबून येऊन कुणी नागली शिकावी, हे आम्हाला खरं वाटेना. ती म्हणाली, आमच्याकडेही हेच खातात, माझी आजी हेच पेरते. इकडच्या डोंगरउतारावरचं पीक पेरणीपासून कापणीपर्यंत एक पूर्ण हंगाम तिला डोळ्यांनी बघायचं होतं. जामसर, सूर्यमाळ, त्यांच्या आजूबाजूचे पाडे. तिच्या शिष्यवृत्तीचं आता एकच वर्ष उरलं होतं. आठ दिवसांत जव्हारात राहायला जागा मिळाली तर ठीक, नाहीतर सोमवारी तिचे सर येऊन तिला परत नेणार होते, आणि हंगाम गेला की तिचं वर्षही गेलं. हे सगळं तिनं मला सावकाश, शब्द तोडून तोडून सांगितलं, कारण तिचं इंग्रजी माझ्या इंग्रजीच्या फार पुढे धावत होतं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघी दारोदार. ती त्या दिवसांत सरकारी विश्रामगृहात उतरली होती, तिथे आठच दिवसांची परवानगी. गल्लीच्या टोकाला एक काकू राहायच्या, त्यांच्या दोन खोल्या वर्षभर रिकाम्या होत्या. काकूंनी दार अर्धं उघडलं, माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "अगं, माझी लेक बाळंतपणाला आली आहे. असलं काही तिच्या नजरेला पडायला नको बाई." अकिन्यीनं मला विचारलं, काय म्हणाल्या? मी सतरा वर्षांची होते, मला लाज वाटली. मी म्हटलं, खोली कालच दुसऱ्याला दिली म्हणतात. ते माझं पहिलं खोटं, आणि ते मी चांगल्या मनानं बोलले होते, हे मला इथे लिहून ठेवायचं आहे. पुढे एक निवृत्त गुरुजी भेटले. त्यांनी आम्हाला ओटीवर बसवलं, ज्ञानाला देश नसतो यावर अर्धा तास बोलले, चहा पाजला आणि खोलीचं नाव काढताच म्हणाले, "आमची ही तयार होणार नाही." मी सांगितलं, खोली कालच दिली. स्टँडजवळच्या दुकानदाराला गिऱ्हाईक बिचकेल अशी भीती होती. खोली कालच दिली. एका घरी तिची जात विचारली. ती कोणती हे कुणालाच सांगता येईना, त्यामुळे नेमकं कशासाठी नाही म्हणायचं हे त्यांना कळेना आणि बिचारे फार अडचणीत आले. आणि आमच्यात तरी गोरं कोण होतं? सगळा तालुका उन्हात रापलेला. पण आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही रीत आमच्याकडे कुणाला शिकवावी लागत नाही.

माझी नात ईशा आता आयर्लंडला शिकते. गेले तीन आठवडे ती मैत्रिणीच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून झोपते आहे आणि रोज एकेक खोली बघत फिरते आहे. तिची सकाळ म्हणजे आमची दुपार, त्या वेळी तिचा फोन येतो. "आजी, फोनवर म्हणतात ये, बघून जा. दारात गेलं की म्हणतात, दिली." तिचा असा फोन ठेवला की मला गल्लीच्या टोकाचं ते अर्धं उघडं दार दिसतं. हे सगळं लिहायला बसले ते त्या फोनांमुळेच.

पाचव्या दिवशी आम्ही फिरून फिरून गावाबाहेरच्या शिरपामाळावर जाऊन बसलो. कुठलीशी शाळेची सहल आली होती. मुलं आधी तिच्याभोवती जमली, मग एक धिटुकली पुढे येऊन तिच्या वेणीला हात लावून पळाली. अकिन्यी हसली. मुलं गेल्यावर मात्र म्हणाली, "निमू, या गावात काल फार खोल्या गेल्या." ती मान हलवून म्हणाली, "तू चांगली मुलगी आहेस." मला त्या वेळी वाटलं, माझं खोटं खपलं. आता कळतं की तिला सगळी दारं कळली होती, आणि मीही.

त्या रात्री जेवताना बाबा म्हणाले, "आपलीच मागची खोली देऊ." माझा घास हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "चार महिन्यांचा तर प्रश्न. तू शैलाबरोबर माजघरात बस. दिवाळीनंतर आहेच की तुझी खोली." शैलाताई माझी थोरली बहीण. तिचं लग्न जमवायचं चाललं होतं आणि ती माजघरात दिवसभर रुमालांवर कशिदा काढत गाणी गुणगुणायची. मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर तेव्हा मी मनापासून हो म्हटलं. पाच दिवस दारोदार फिरल्यावर कुणाच्या तरी घरातून 'हो' ऐकू यावं असं मलाही वाटत होतं.

आईनं खोली सारवली, कोपऱ्यात वातीचा स्टोव्ह ठेवला आणि ट्रंक आत येण्याआधी अकिन्यीला त्यावर दूध तापवायला लावलं. नव्या जागेत दूध उतू घालतात हे मी तिला सांगायचंच विसरले होते. दूध वर यायला लागलं तशी ती घाईनं भांडं उतरवायला गेली. आईनं तिचं मनगट धरलं. "राहू दे. जाऊ दे उतू." दूध काठावरून सांडलं, स्टोव्हवर चरचरलं, करपल्याचा वास सुटला. वाया जाणाऱ्या दुधाकडे अकिन्यी अशी बघत होती की शैलाताईला हसू आवरेना. आई मला म्हणाली, "सांग तिला. जिच्या हातनं दूध उतू गेलं तिची खोली. आता तिला हितनं कोन उठवनार नाय." मी सांगितलं. त्या दिवशी मी शब्दाला शब्द बरोबर सांगितलं. अकिन्यीनं आईचे दोन्ही हात हातात घेतले आणि तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली, ते मला विचारायचं सुचलं नाही.

पहिल्या सकाळी आईनं तिला आंबील दिली. नागलीची, ताक घालून, वर जिरं आणि ठेचलेला लसूण. अकिन्यीनं एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवून डोळे मिटले. आई घाबरली, "काय झाला? खारट झाली?" ती म्हणाली, आमच्याकडे हिला उजी म्हणतात, मी दीड वर्षानं प्याले. हे मी आईला सांगितलं तेव्हा आईनं तिची वाटी पुन्हा काठोकाठ भरली. त्या दिवसापासून आमच्या घरात आंबिलीला उजी म्हणायचे, अजूनही म्हणतो, आणि माझ्या सुनेला वाटतं की तो जव्हारकडचाच शब्द आहे. मग शेवळं आली. ती रानभाजी काकडाच्या आंबट फळांशिवाय केली की घसा खाजतो. आईनं बजावूनही अकिन्यीनं एक कोंब कच्चाच चावून पाहिला आणि दिवसभर विहिरीपाशी गुळण्या करत बसली. आई तिला रागावत होती, चिंच देत होती, पुन्हा रागावत होती. अकिन्यी सकाळी निघायची, कधी जामसरला काकांच्या शेतावर, कधी एसटीनं मोखाड्याकडे आणि पुढे चालत सूर्यमाळच्या पाड्यांवर. गुडघ्याएवढ्या चिखलात बायकांबरोबर रोप लावायची आणि वहीत लिहायची. निघताना आई दारातून म्हणायची, "जाते म्हनू नये, येते म्हनावा." तीही म्हणायची, "येते, आई."

इथून पुढचं लिहायला मला जड जातं. पहिले पंधरा दिवस तिला मीच लागत होते. आईला काही सांगायचं तर निमू, बाबांना काही विचारायचं तर निमू. शेजारच्या बायकाही मला थांबवून विचारायच्या, "ती काय खाते? रडते का घरच्या आठवणीनं?" मी घरात एकदम मोठी झाले होते. मग हळूहळू अकिन्यी आईकडून बोलणं शिकायला लागली. पाणी, चूल, मीठ, एक, दोन, तीन, चार, दिवस, परत ये. माझ्या शाळेतल्या मराठीतून शिकली नाही, तर आईच्या बोलीतून आणि शेतावरच्या बायकांच्या बोलीतून शिकली. त्या बोलीची मला वर्गात लाज वाटायची, तीच ती मिरवायची. एकदा शाळेतून आले तर दोघी चुलीपाशी बसून भाकरी थापत होत्या आणि पोट धरून हसत होत्या. मी विचारलं, "काय झालं?" आई म्हणाली, "काय नाय, आमचा दोघींचा." नंतर अकिन्यीची भाकर उलटताना आई म्हणाली, "बघ निमे, परमुलुखातली पोर, पन हात तुझ्यापरीस बरा." आई सहज बोलली. मी माजघरात जाऊन बसले. शैलाताई गुणगुणत होती, पुस्तक उघडं होतं आणि माझ्या मनात आलं की माझी खोली गेली, आता चुलीपाशीही माझी जागा गेली. मत्सर हा शब्द मी तेव्हा निबंधात वापरत असे. घरात तो ओळखता आला नाही.

श्रावण संपता संपता वाडा तालुक्यातून शैलाताईला बघायला येतो असा निरोप आला. मुलगा शिक्षक होता, घर चांगलं होतं. याआधी दोन ठिकाणं हातची गेली होती, म्हणून सगळं घर दबकत वावरत होतं. कुणीतरी बाबांना सुचवलं की पाहुण्यांना मागच्या खोलीतली ती बाई दिसली तर नसते फाटे फुटतील. बाबा दोन दिवस हो-नाही करत राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला आणि अकिन्यीला विहिरीपाशी बोलावलं. ते वाईट माणूस नव्हते, फक्त भित्रे होते, आणि त्यांना स्वतःलाच लाज वाटत होती. जमिनीकडे बघत ते भराभर बोलत गेले, "तिला सांग, पाहुणे यायचे आहेत. तेवढे चार दिवस जामसरला काकांकडे राहा म्हणावं. तिचं काम तिकडेच आहे. सामान राहू दे इथेच. चार दिवसांनी परत ये म्हणावं, मी स्वतः न्यायला येतो. वाईट वाटून घेऊ नको म्हणावं." आणि तिला कळावं म्हणून त्यांनी चार बोटं वर केली.

मी तिच्याकडे वळले आणि इंग्रजीत म्हटलं, "माझे वडील म्हणतात, बहिणीचं लग्न ठरतंय. आता नातेवाईक येऊन राहतील. खोली लागणार आहे. त्यांना फार वाईट वाटतं."

आधीपासून असं काही ठरवलं नव्हतं. पण तोंडातून गेलं ते थांबवलंही नाही. तिनं बाबांच्या हाताकडे पाहिलं. बोटं अजून वरच होती. तिनं मला विचारलं, "चार म्हणजे?" आणि मी, जिला पाच दिवसांत डझनभर दारांची खोटी उत्तरं द्यायची सवय झाली होती, एक क्षणही न थांबता म्हणाले, "चार दिवसांच्या आत." बाबा तिच्याकडे बघून कसनुसं हसले आणि मान हलवली, झालं ना कळून, अशा अर्थानं. तिनंही मान हलवली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. रागावलेली नव्हती. शिरपामाळावर मला चांगली मुलगी म्हणताना जशी बघत होती, तशीच बघत होती.

ती चार दिवस थांबली नाही. दुसऱ्या सकाळी ट्रंक भरली. बाबा कचेरीत गेले होते. आईला वाटत होतं ती जामसरला निघाली आहे. मग ट्रंक कशाला, असं ती विचारत होती, आणि मी अभ्यासाला बसल्याचं नाटक करून माजघरातून ऐकत होते. दोघी स्वयंपाकघरात काहीतरी हळू आवाजात बोलल्या, ते मला कळलं नाही. मग अकिन्यी माजघरात आली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि दारात आईला म्हणाली, "जाते, आई." आई म्हणाली, "जाते नाय गं, येते म्हन." अकिन्यीनं आईला मिठी मारली आणि पुन्हा म्हणाली, "जाते." आमच्याकडे नुसतं 'गेला' म्हणतात ते मेलेल्या माणसालाच. जिवंत माणूस दारातून 'जाते' म्हणून निघालेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. थोड्या वेळानं स्टँडवरून गाडी सुटल्याची घंटी ऐकू आली. कुठली गाडी ते माजघरातून दिसत नव्हतं.

पाहुणे आले, शैलाताई पसंत पडली. चार दिवसांनी बाबा जामसरला गेले आणि परत येऊन ओटीवर नुसते बसून राहिले. "ती तिथे आलीच नाही म्हणतात. निमू, तू तिला नीट सांगितलंस ना?" चोराच्या मनात चांदणं. मी म्हटलं, "नीट सांगितलं. तिला दुसरीकडे चांगली खोली मिळाली असेल." बाबा म्हणाले, "पोरीनं सांगून तरी जायचं." पुढे साहेबांकडून कळलं की तिला खोली कुठेच मिळाली नाही. कणसं भरायच्या आधीच तिचं काम थांबलं, वर्ष संपलं, शिष्यवृत्ती संपली आणि ती नुसती परत गेली. साहेब हे सांगताना बाबांकडे ज्या नजरेनं बघत होते ती बाबांनी घरी येऊन आम्हाला सांगितली. मी ऐकून घेतलं. मी एक वाक्य बोलले असते तर पत्ता मिळवून पत्र टाकता आलं असतं, बाबांच्या माथ्यावरचा ठपका गेला असता. मी बोलले नाही. मागच्या खोलीत परत राहायला गेले, बारावी पास झाले, इंग्रजीत शाळेत पहिली आले. त्या खोलीत आईनं माझ्यासाठी कधी दूध उतू घातलं नाही. मीही कधी म्हटलं नाही.

पुष्कळ वर्षांनी भाऊजींना, म्हणजे शैलाताईच्या नवऱ्याला, गप्पांत हे कळलं की त्यांच्यासाठी एका परदेशी मुलीला चार दिवस लपवायचं ठरलं होतं. ते मनापासून चकित झाले. "अहो, राहू द्यायचं होतं की! आमचं काय जात होतं?" सगळे हसले. मी पानातला भात कालवत राहिले.

बाबा गेले तरी मी काही बोलले नाही. मी शिक्षिका झाले, लग्न झालं, मुलं झाली. शाळेतल्या मुलांना मी तीस वर्षं खरं बोलावं हे शिकवलं, आणि बरं शिकवलं असं लोक म्हणतात. मग जव्हारातच आम्ही स्वतःचं घर बांधलं. वास्तूच्या दिवशी दूध उतू घालायचं होतं. आई तेव्हा फार थकली होती, तिला खुर्चीत बसवून स्वयंपाकघरात आणलं होतं. इतर सगळे बाहेर पंगत मांडत होते. दूध वर यायला लागलं, आणि माझा हात आपोआप गॅसच्या बटणाकडे गेला. आई खुर्चीतून म्हणाली, "राहू दे. जाऊ दे उतू." तोच आवाज, तेच शब्द. दूध शेगडीभर सांडलं आणि मी तिथेच उभ्या उभ्या बोलले, "आई, बाबांनी अकिन्यीला चार दिवसांसाठी जायला सांगितलं होतं. मी तिला कायमचं जायला सांगितलं."

आईनं मान वर केली नाही. "ठाव हाय मला."

"कसं?"

"तिनंच सांगितला. जायच्या दिशी, चुलीपाशी. चार बोटं दाखवली न् म्हनली, बाबा बोलला चार दिवस, परत ये. निमू बोलली, नाय परत. आगं, चार न् परत ती माझ्याकडनंच शिकली होती, तिला कसा कळनार नाय?"

"मग ती राहिली का नाही? तिनं बाबांना का नाही सांगितलं?"

"मी म्हनले तिला, रहा, मी बगते त्या निमीकडं. ती म्हनली, निमूला खोली पायजे. घरात येकीला नको आसंल तर नको. न् म्हनली, तिला बोलू नको, ल्हान हाय." आई थांबली. सांडलेलं दूध शेगडीवरून खाली टपकत होतं, त्याकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "मी तरी खरी कुठं थांबवली तिला? शैलाचा जमायचा होता. ती आपली आपन गेली, मलापन बराच वाटला तवा. तुझ्या एकटीचा नाय ता."

बाहेरून कुणीतरी हाक मारली, पानं वाढायची का म्हणून. मी फडकं घेऊन शेगडी पुसायला लागले. त्यानंतर आई दोन वर्षं होती. या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही, पण नव्या नागलीची पहिली उजी झाली की आई एक वाटी जास्तीची काढून ठेवायची आणि ती प्यायला कुणालाही बोलवायची, रस्त्यावरून जाणाऱ्या अनोळखी बाईलासुद्धा. मला वाटतं, तिच्या परीनं ती फेडत होती. मला तेवढंही जमलं नाही.

काल दुपारी ईशाचा फोन आला. पाठीमागे रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज होता, ती कुणाच्या तरी दारातून नुकतीच परत फिरली होती. या वेळी घरमालकीण नव्हती, तिची शाळकरी मुलगी होती. तिनंच दार उघडलं. आत आई काहीतरी बराच वेळ बोलली, मुलीनं ते ऐकून घेतलं आणि ईशाला सांगितलं, आई म्हणते, खोली कालच दिली. "आजी, ती मुलगी माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती," ईशा म्हणाली. "खरंच दिली असेल का गं?"

हे सगळं तिला सांगायचं म्हणून मी आठ दिवस लिहीत होते. वही समोर उघडी होती. फोनमधून ती माझ्याकडे बघत होती, थंडीनं नाक लाल झालेलं, डोळ्यांत पाणी, आणि तिला माझ्याकडून एकच शब्द हवा होता.

"दिली असेल बाळा," मी म्हटलं. "कालच दिली असेल."